मुलगा प्रेमात पडलाय म्हणून सेमिनरी?

म्हापशाहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा यंदा बारावी कॉमर्स, ७१ टक्के. लहानपणी तो फार आजारी पडला होता तेव्हा त्यांनी जुन्या गोव्याला जाऊन सायबाला, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरला, नवस केला की पोरगा वाचला तर त्याला फादर करीन. आता वर्गातल्या एका मुलीशी त्याचं जुळलंय हे घरी कळलं, मोबाईल काढून घेतला आणि आईला जूनच्या आत सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, अॅडमिशन हवंय. हे सगळं आईने सांगितलं आणि मुलाने टाइप केलं, आणि शेवटी त्याने स्वतःच्या दोन ओळी घातल्यात, "मला फादर व्हावंसं कधीकधी खरंच वाटतं. पण ती पण आवडते, म्हणजे मी लायक नाही का?"

ताई, मार्क चांगले आहेत, त्याची काळजी सोडा. मला काळजी वाटली ती याची की स्वतःच्या विरुद्धची तक्रार मुलाला स्वतःच्या हाताने टाइप करायला लागली. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला एखादी मुलगी आवडली तर घरात एवढी भीती कशाला? आणि नवस तुम्ही केलात, तुमच्या मनापासून केलात, तो मोडायला मी सांगत नाही, पण फेडायला दुसऱ्याचं आयुष्य कसं द्यायचं? चर्चच्या १९८३ च्या कायद्यात १०२६ नंबरचं कलम आहे, कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही प्रकारे कोणालाही फादरची दीक्षा घ्यायला भाग पाडायला त्यात सक्त मनाई आहे. आईच्या नवसाला त्यात सूट नाही.

तुम्ही बायबलमधलं एक वाक्य पाठवलंय, "पुरुषाने स्त्रीला स्पर्श न करणे बरे", १ करिंथ ७. त्याच्या आधीचे शब्द तुम्ही गाळलेत. हे लिहिणारा प्रेषित पौल तिथे म्हणतो की तुम्ही लिहिलेल्या गोष्टींबद्दल सांगतो, म्हणजे तो करिंथच्या लोकांच्या पत्राला उत्तर देतोय, आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मते हे वाक्यच मुळात त्या लोकांचं आहे. पुढे लगेच तो नवरा-बायकोला सांगतो की एकमेकांना दूर ठेवू नका, प्रार्थनेसाठी ठेवायचं तर दोघांच्या संमतीने आणि थोडा वेळच. हो, पौलाला स्वतःला एकटं राहणं जास्त पसंत होतं, लग्न झालेल्याचं मन देव आणि बायको यांच्यात वाटलं जातं असं तो स्पष्ट लिहितो, ती ओढाताण खोटी नाही. पण त्याच अध्यायात तो हेही लिहितो की प्रत्येकाला देवाकडून आपापलं वेगळं दान मिळतं, अविवाहितांबद्दल मला प्रभूची आज्ञा नाही, मी माझं मत देतो, आणि तुमच्या गळ्यात फास टाकायला हे सांगत नाही. येशूचा शिष्य पेत्र, त्याला तर सासू होती, म्हणजे त्याचं लग्न झालेलं होतं, बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशू तिचा ताप घालवतो. आणि गीतरत्न उघडून बघा, प्रेम मृत्यूसारखं बलवान आहे असं ज्यात लिहिलंय ते पुस्तकही त्याच बायबलमध्ये आहे, कोणी फाडून टाकलं नाही.

आता तुझ्याशी बोलतो बाळा. ती आवडते म्हणून तू नालायक ठरत नाहीस. ज्याला कोणी आवडूच शकत नाही त्याच्या ब्रह्मचर्यात त्याने सोडलं काय? पण तिच्यापासून पळायला, किंवा आईला गप्प करायला सेमिनरीत जाऊ नकोस, तिथे जाऊन ती आठवणारच आणि मग तू देवावरच चिडशील. घाई कोणालाच नाहीये, फादर व्हायला किमान वय २५ आहे आणि ब्रह्मचर्याचं वचन डीकन, म्हणजे फादरच्या आधीची पायरी, होण्याआधी द्यावं लागतं, तोपर्यंत विचार बदलायची मोकळीक असते.

मार्ग म्हणशील तर साळगावची सेमिनरी आणि मग राशोलला फिलॉसॉफी, थिऑलॉजी, हे तुमच्या फादरना माहीत असतं.

माझं ऐकशील तर यंदा बी.कॉम.ला अॅडमिशन घे. ओढ टिकली तर व्होकेशनचं, म्हणजे फादर व्हायची ओढ असलेल्या मुलांचं, काम बघणाऱ्या फादरना एकटा जाऊन भेट, आईला बरोबर नेऊ नकोस, आणि त्या मुलीबद्दल त्यांना पहिल्याच भेटीत सांग.

ताई, त्याचा मोबाईल आज परत द्या. आणि त्या मुलीच्या घरी फोन करणार असं जे लिहिलंय, ते कृपा करून करू नका.