ल्युपसमध्ये दोष फक्त अँटिबॉडीचा असतो का?

तुमच्या बहिणीला ल्युपस (शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते तो आजार) आहे आणि तुम्ही विचारताय की अँटिबॉडी तर बी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बनवतात, मग न्यूट्रोफिल-मॅक्रोफेज या जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशींचा इथे संबंध काय? सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) न्यूट्रोफिल नॉर्मल आहेत म्हणजे ते निर्दोषच ना?

संबंध आहे आणि तो अगदी मुळापासून आहे. शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. मॅक्रोफेज त्यांना मुकाट्याने गिळून टाकतात. ल्युपसमध्ये ही सफाई रखडते. सी१क्यू नावाचं प्रथिन मेलेल्या पेशीवर खूण करून मॅक्रोफेजला ती ओळखायला मदत करतं; ज्यांच्यात ते जन्मतःच अजिबात नसतं, त्यांतल्या बहुतेकांना ल्युपससारखा आजार होतो. माझ्या मते याहून बोलका पुरावा नाही.

न्यूट्रोफिल दुसरी भर घालतात. मरताना ते स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर फेकतात; हे २००४ साली पहिल्यांदा नीट मांडलं गेलं. जाळं असतं जंतू पकडायला, पण ल्युपसमध्ये जंतू नसतानाही ते पडतं आणि अनेकांत लवकर विरघळत नाही. त्या डीएनएला अँटिबॉडी चिकटल्या की तो गठ्ठा प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशी (विषाणूंवर नजर ठेवणाऱ्या प्रतिकारपेशी) आत घेतात. तिथले टीएलआर-७ आणि टीएलआर-९ हे संवेदक त्याला विषाणू समजतात, आणि इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी धोक्याचा इशारा देणारं प्रथिन सुटतं. इंटरफेरॉनमुळे बी-पेशी आणखी अँटिबॉडी बनवतात, न्यूट्रोफिल आणखी जाळी टाकतात.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसचं नेहमीचं औषध नेमकं याच संवेदकांना थोपवतं. ‘मलेरियाची गोळी कशाला?’ म्हणून ती परस्पर बंद करू नका. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. डोस साधारणपणे वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, म्हणजे ५० किलोला २५० च्या आत. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला एकदा आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी. किडनी कमजोर असेल तर दरवर्षीची तपासणी आधीच सुरू होते. २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं अ‍ॅनिफ्रोलुमॅब हे औषध इंटरफेरॉनचा रिसेप्टरच (पेशीवरची ते चिकटण्याची जागा) अडवतं.

ऊन इथेच आडवं येतं. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात आणि रखडलेल्या सफाईवर आणखी बोजा पडतो. नवतपात आपण नागपूरकर दुपट्टा गुंडाळतोच, पण अतिनील किरणं पाऱ्यावरून ठरत नाहीत. डिसेंबरात, अधिवेशनाच्या दिवसांतलं ते हवंहवंसं दुपारचं ऊनही त्रास देऊ शकतं, आणि गाडीच्या बाजूच्या साध्या काचेतून यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) बऱ्यापैकी आत येतं. विरळ विणीचा दुपट्टा पुरत नाही. चेहरा-मानेला दोन बोटं भरून एसपीएफ ५० चं सनस्क्रीन लावावं, बाहेर असल्यास दर दोन तासांनी पुन्हा.

आता सीबीसी. ४० ते ७० टक्के हे न्यूट्रोफिलचं नॉर्मल प्रमाण, म्हणजे नुसती मोजणी आहे. ते काय करताहेत हे ती सांगत नाही. शिवाय प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीवरून सुटून प्रवाहात येतात आणि आकडा वाढतो. उलट ल्युपस उसळलेला असताना एकूण पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली जाऊ शकतात. त्यामुळे या आकड्यापेक्षा सी३-सी४ (रक्तातली प्रतिकाराची प्रथिनं) घसरताहेत का, अँटी-डीएसडीएनए (डीएनएविरुद्धची अँटिबॉडी) चढतंय का आणि लघवीत प्रथिन जातंय का, हे बघा. ताप आला तर ‘आजारच उसळला असेल’ म्हणून घरीच स्टेरॉइड वाढवू नका; संसर्गाचा तापही तसाच दिसतो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.