खेड्यात राहून ग्राफिक डिझाइनची तत्त्वं शिकल्यानं खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि तो डोळ्यांना दिसतो. दारव्ह्याकडचा बारावीचा एक पोरगा माझ्याकडे फ्लेक्सचं काम शिकतोय. त्याचा शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, पहिला बॅनर म्हणजे ओळीगणिक वेगळा फॉन्ट, सगळे रंग आणि कोपऱ्या-कोपऱ्यात फोटो. मी एवढंच विचारलं, "गाडीवरून जाणाऱ्याला आधी काय दिसलं पाहिजे?" गाव, तारीख, पहिलं बक्षीस! तेवढंच त्यानं मोठं केलं, पाहुण्यांची नावं खाली एका कडेला लावली. हायरार्की (महत्त्वाचं ते आधी दिसणं) आणि अलाइनमेंट (मजकूर एका रेषेत लावणं) त्याला तिथंच कळली.

देवनागरीला मात्र वेगळं लक्ष लागतं, इंग्रजी व्हिडिओंत ते सहसा सापडत नाही. ओळी फार जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. अक्षरांमधलं अंतर ताणलं की शिरोरेषा तुटते. 'मुक्ता' आणि 'बालू' हे फॉन्ट मोफत मिळतात, त्यांवर हात बसवा.

रंगांचंही तसंच. स्क्रीनचे रंग आरजीबी, म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचे; छपाईचे सीएमवायके, म्हणजे सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबीसर), पिवळ्या आणि काळ्या शाईचे. मोबाइलवर झगमगणारा हिरवा फ्लेक्सवर मळका उतरतो.

मला खरी वाढ वाटते ती वेगळीच. परवा कृषी केंद्रवाल्या काकांनी जाहिरातीत आणखी चार ओळी घालायला सांगितल्या, तर या पोरानं रिकामी जागा का हवी ते नीट समजावलं. काकांना पटलंही.

लॅपटॉप नसेल तर मोबाइलवरच सुरुवात करा. पुढं कॉम्प्युटरवर इंकस्केप हे डिझाइनचं सॉफ्टवेअर आहे, तेही मोफत.