आधी प्रस्ताव, मग एजंट

नॉन-फिक्शन पुस्तकासाठी अमेरिकेत एजंट (लेखकाच्या वतीने प्रकाशकाला पुस्तक विकणारा) शोधताय, तर आधी एक ऐका: अख्खं पुस्तक लिहून होईपर्यंत थांबू नका. कादंबरी पूर्ण लागते. नॉन-फिक्शन बहुधा प्रस्तावावर विकलं जातं (आत्मकथन मात्र अनेकदा पूर्ण मागतात). प्रस्तावात पुस्तक कशाबद्दल, ते तुम्हीच का लिहायचं, कोण वाचणार, प्रकरणांची रूपरेषा आणि एक-दोन नमुना प्रकरणं, एवढं हवंच.

'कोण वाचणार' इथे नवखे घसरतात. मीही 'सर्व वयोगटांतील वाचक' असं ठोकून दिलं होतं. म्हणजे कुणीच नाही! 'नुकताच मधुमेह निघालेले चाळिशीतले नोकरदार' असं लिहा.

बाकी थोडक्यात:

- तुमच्या विषयाजवळच्या पुस्तकांतलं ऋणनिर्देशाचं पान उघडा. लेखक तिथे एजंटचे नाव घेऊन आभार मानतात. यादी तिथूनच सुरू करा.
- एजंटला पाठवायचं पत्र एका पानाचं. एकदम पन्नास जणांना नको, सात-आठ जणांना पाठवा. उत्तरं बघून पत्र सुधारा.
- एजंटने हस्तलिखित वाचायचे पैसे मागितले की विषय संपला. खरा एजंट पुस्तक विकल्यावर कमिशन घेतो, साधारण 15 टक्के.

कराराच्या खाचाखोचा नंतर बघू. आणि मराठीत लिहिणार असाल तर एजंट शोधत बसू नका, थेट प्रकाशकाला लिहा.