मोठी डी सोडायची नाही

प्रिय,

काल रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. ‘सर, पुढच्या सीझनला मी हाफला खेळू का? टीमला तिथं जास्त गरज आहे.’ म्हणजे स्ट्रायकरची जागा सोडून मधल्या फळीत. रात्रीच उत्तर दिलं असतं तर शिव्या गेल्या असत्या, म्हणून फोन पालथा टाकून आडवा झालो. झोप काही आली नाही. आता चहा घेऊन लिहायला बसलोय.

टीमची गरज वगैरे राहू दे. फायनलचा टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी किकांवर लागणारा निकाल, होऊन आणि त्यात तुझी किक हुकून तीन आठवडे झाले. त्यानंतरच्या दोन्ही मॅचमध्ये तू कुठं उभा होतास ते मी बघितलंय. मधल्या रेषेपाशी बॉल मागायचा, मागं येऊन टॅकल करायचा, घामाघूम व्हायचं. लोक म्हणत होते, पोरगं किती राबतंय! मला एवढंच दिसलं की डावीकडून दोनदा चांगला क्रॉस आला आणि मोठ्या डीत, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत, आपलं कुणीच नव्हतं.

चुकतं सगळ्यांचं, धीर धर, हे दहा जणांनी सांगून झालं असेल. त्यासाठी मी पान खरडत नाहीये. मोठी डी सोडायची नाही, एवढंच सांगायचंय.

2014 साली, तू शाळेत असताना, फ्रान्सचा स्ट्रायकर डेव्हिड ट्रेझेगे पुण्यात बालेवाडीला खेळून गेला. आयएसएलचा, म्हणजे फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा, पहिलाच सीझन, पुणे सिटीची टीम. वय सदतीस. मी तिकीट काढून गेलो होतो. शेजारी बसलेला एक जण सारखा कुरकुरत होता, ‘हा तर पळतच नाही, पैसे कसले घेतो?’ खरंच पळत नव्हता. मी बॉलकडं कमी आणि त्याच्याकडंच जास्त बघत होतो. दोन डिफेंडरच्या मधे उभा. मान सारखी इकडून तिकडं. दोन पावलं पुढं, एक मागं, डिफेंडरच्या खांद्याआड गेला, परत बाहेर आला. बॉल यायचा नाही. परत तेच सगळं पहिल्यापासून. त्या सीझनला त्याचे गोल बोटावर मोजण्याइतकेच झाले, टीमही सेमीफायनलला गेली नाही, आणि नंतर त्यानं बूट टांगले. शेजारच्या माणसाच्या दृष्टीनं तिकीट वाया गेलं. मी मात्र घरी येऊन बायकोला डायनिंग टेबलावर मिठाची आणि तिखटाची बरणी मांडून दाखवलं की हा माणूस कुठं उभा राहतो.

आता तो माणूस कोण, ते ऐक. बाप अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू. फ्रान्समध्ये खेळत असताना रुआँला मुलगा झाला, 1977 साली. वाढला ब्युनोस आयर्समध्ये, तिथल्या प्लातेन्से क्लबकडून सुरुवात केली आणि 1995 ला मोनॅको क्लबला आला. विसाव्या वर्षी वर्ल्ड कप. 1998 च्या त्या वर्ल्ड कपमध्ये क्वार्टर फायनलला इटलीविरुद्ध टायब्रेकर झाला. फ्रान्सच्या लिझाराझूची पेनल्टी अडली होती, आणि त्यानंतर हे विशीतलं पोर पुढं आलं आणि गोल करून गेलं. शेवटी इटलीच्या दि बियाजोचा बॉल गोलच्या वरच्या बारवर आदळला आणि फ्रान्स पुढं गेलं. ही बार लक्षात ठेव.

2 जुलै 2000, रॉटरडॅम, युरोची फायनल, परत इटलीच. इटली एकानं पुढं, त्यांची बेंचवरची मंडळी मिठ्या मारायच्या तयारीत. इंज्युरी टाइममध्ये फ्रान्सच्या विल्टोर्डनं बरोबरी केली. तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता, एक्स्ट्रा टाइममध्ये पहिला गोल झाला की मॅच संपली. 103 व्या मिनिटाला फ्रान्सचाच पिरेस डावीकडून आत घुसला आणि त्यानं बॉल मागं काढून दिला. बदली म्हणून आलेला ट्रेझेगे तिथं होता. डाव्या पायानं, बॉल खाली टेकू न देता, वरच्या जाळ्यात. कुणाला चकवलं नाही, लांबून पळत आला नाही. तिथं होता, बस्स. (गंमत बघ, हाच पिरेस 2014 ला एफसी गोवाकडून खेळत होता. पास देणारा गोव्यात आणि मारणारा पुण्यात! आपल्याकडं किती जणांना याचं कौतुक वाटलं, देव जाणे.)

नंतर इटलीतला युव्हेंटस क्लब. दहा वर्षं, 171 गोल. आणि ती दहाही वर्षं लोक काय म्हणायचे? डीच्या बाहेर याचा उपयोग नाही. ड्रिबल नाही, मागं येत नाही, नव्वद मिनिटांत हा दिसतो कधी? फ्रान्सच्या कोचलाही पुढं एकटा स्ट्रायकर आंरी पुरेसा वाटायचा. 2006 च्या वर्ल्ड कपमध्ये ट्रेझेगे बहुतेक वेळ बेंचवरच होता. बर्लिनच्या फायनलला, परत इटलीविरुद्धच, एक्स्ट्रा टाइममध्ये उतरवला. मग टायब्रेकर. समोर गोलमध्ये बुफाँ, त्याच्याच क्लबचा गोली, रोज प्रॅक्टिसला ज्याच्यावर बॉल मारायचा तो. ट्रेझेगेचा बॉल बारला लागून रेषेच्या अलीकडं पडला. बाकी कुणाचीच चुकली नाही. दोन्हीकडच्या नऊ किकमध्ये एकच वाया गेली, ती याची, आणि फ्रान्स हरलं.

तुझी फायनल बघायला किती लोक होते? दीड हजार? बरं, दोन हजार धर.

पाच दिवसांनी, 14 जुलैला, निकाल आला. मॅच फिक्सिंगच्या भानगडीत युव्हेंटस इटलीच्या वरच्या डिव्हिजनमधून (सेरी आ) खालच्या डिव्हिजनला (सेरी बी). आधी उणे तीस गुण, अपिलात कमी होत होत उणे नऊ. कान्नावारो, इब्राहिमोविच, थुराम, व्हिएरा, झांब्रोत्ता, एकेक जण निघून गेला. मी त्यांना नावं ठेवणार नाही, पोटाचा आणि करिअरचा प्रश्न असतो. ट्रेझेगे राहिला. कुणाबरोबर? ज्यानं गोलमध्ये उभं राहून बर्लिन जिंकलं तो बुफाँ, आणि ज्यानं त्याच टायब्रेकरला आपली पेनल्टी घातली तो देल पिएरो, यांच्याबरोबर रोज एकाच खोलीत कपडे बदलायला. सेरी बी मध्ये पंधरा गोल मारले आणि टीम वर आली. संत नव्हता तो, वर्ष संपताना करारावरून क्लबशी वाजलंच. पण थांबला, आणि पुढच्या सीझनला सेरी आ मध्ये वीस मारले. देल पिएरोचे एकवीस.

आणि हे सगळे गोल कुठून? डीतून. बर्लिननंतर तो मागं सरकला नाही. 2012 ला अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेटसारखा क्लब दुसऱ्या डिव्हिजनला पडलेला असताना पस्तिशीला टेकलेला हा माणूस तिथं गेला. वर चढायच्या मॅचला टीमचे दोन गोल झाले, दोन्ही यानंच घातले. तेव्हाही पळत नव्हता, शेजारच्या माणसानं नावंच ठेवली असती.

आता माझं. तुला कधी सांगितलं नाही, पण तू कुठून तरी ऐकलं असशील. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमची फायनल, मी तेवीसचा. पाचवी किक माझी, बारवरून थेट प्रेक्षकांत. आठवडाभर पेठेतून जाताना चहाच्या गाड्यावरून आवाज यायचा, ‘अजून खाली आला न्हाई बघ बॉल.’ पुढच्या सीझनला मीच कोचकडं गेलो आणि म्हणालो, मला हाफला घ्या, टीमला तिथं गरज आहे. शब्द न् शब्द तुझाच मेसेज, चाळीस वर्षं आधी.

कोचनं घेतलंही. मी वाईट हाफ नव्हतो, हे लिहून ठेव. पासिंग चांगलं होतं, टॅकल स्वच्छ, आणि माझ्या पासवर दुसऱ्यांनी किती गोल केले ते जुन्या लोकांना विचार. एका वर्षी तर कॅप्टनही होतो. बँकेत लागलो तेही खेळाडूच्या कोट्यातून, हाफबॅक म्हणूनच. तेव्हा माझं वाटोळं झालं असं काही म्हणता येणार नाही, आणि कुणी म्हटलं तर मला ते आवडतही नाही.

पण त्या दिवसानंतर सात वर्षांत मी एकही गोल केला नाही. एकदाही. क्रॉस आला की मी मागून बघायचो आणि मनात म्हणायचो, इथं असतो तर बसवला असता. घरी टीव्हीवर मॅच बघताना अजून माझा उजवा पाय हलतो. बायको हसते. मी तिला कधी सांगितलं नाही की तो का हलतो.

तू म्हणशील, सर, तुमचं तुमच्यापाशी, मला खरंच हाफला आवडतं. आवडत असेल तर खेळ की! फायनलच्या आधी सांगितलं असतंस तर मीच जर्सीचा नंबर बदलून दिला असता. पण गेल्या दोन वर्षांत एकदा तरी म्हणालास का? आठवीत असताना सहा यार्डांच्या रेषेवर तू कसा घुटमळायचास, मांजर दुधापाशी घुटमळतं तसा! ते मी शिकवलं नव्हतं. ते शिकवता येत नाही, म्हणून तर जीव तुटतोय.

अजून एक. या ऑगस्टमध्ये ट्रायलला जाशील तिथला कोच म्हणेल, आजच्या फुटबॉलमध्ये स्ट्रायकरनं प्रेस करायला, म्हणजे समोरच्याकडं बॉल असताना अंगावर धावून जायला पाहिजे, मागं येऊन खेळ जोडायला पाहिजे. बरोबर म्हणेल. कर ना प्रेस, फेफडं फाटेस्तोवर पळ, मी कुठं नको म्हणतोय. पण डावीकडून बॉल निघाला की तू डीत पाहिजेस. तिथं चुकशील, परत बारवर मारशील, लोक हसतील. तरी तिथंच पाहिजेस.

रविवारी सकाळी सहाला ग्राउंडवर ये. क्रॉस टाकायला मी आपल्या जुन्या विंगरला बोलावलंय, गुडघा गेलाय त्याचा, पण डावा पाय अजून आहे. टायब्रेकरची प्रॅक्टिस करायची नाही, तेवढं आधीच सांगतो. आणि बूट धुऊन आण, मागच्या वेळी अर्धा चिखल माझ्या गाडीत सांडला होतास.

तुझा,
सर