गाडी गार असतानाच बघायला जा

पहिलीच मोटरसायकल आणि तीही जुनी घेऊ पाहणाऱ्या वाचकांचे पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : वय 19, नुकतंच लायसन्स मिळालंय. कॉलेजला रोज जाऊन-येऊन 24 किलोमीटर होतात. बजेट 45 हजार. दोन गाड्या समोर आहेत : 2018 ची स्प्लेंडर प्लस, 38 हजार किलोमीटर झालेली, आणि 2016 ची पल्सर 150, 41 हजार झालेली. किंमत जवळजवळ सारखीच. मित्र पल्सर घे म्हणतात. कोणती घेऊ, आणि बघायला गेल्यावर नक्की काय बघू? (कराड)

उत्तर : स्प्लेंडर घ्या. तिचं वजन 110 किलोच्या आसपास, पल्सरचं त्याहून तीसेक किलो जास्त. सिग्नलला गाडी एका बाजूला कलली की हे तीस किलो कळतात. दुसरं कारण ब्रेकचं. 125 सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं ते एप्रिल 2019 पासून, त्यामुळे 2016 च्या पल्सरला ते नाही. पुढे डिस्क आहे, पण नवखा माणूस घाबरून पावसात ती करकचून दाबतो, पुढचं चाक लॉक होतं आणि गाडी खाली. शिवाय 45 हजारांत येणारी दीडशे सीसीची गाडी बहुतेक वेळा आधीच्या दोघा-तिघांनी मनसोक्त रेटलेली असते. मित्रांना ती दोन वर्षांनी घेऊन दाखवा.

आता बघायचं काय. आदल्या दिवशी फोन करून सांगा, ‘मी यायच्या आधी गाडी चालू करू नका.’ पोचल्याबरोबर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर त्यांनी आधी चालू करून ठेवली आहे; गार होईपर्यंत थांबा किंवा उद्या या. इंजिनाची दुखणी गार असताना बोलतात, गरम झाल्यावर गप्प बसतात.

2018 ची गाडी बीएस 4, म्हणजे कार्ब्युरेटरची. चोक ओढून दोन-तीन किकमध्ये चालू झाली पाहिजे. कोणाला तरी सायलेन्सरच्या मागे उभं करा. सकाळी पांढरी वाफ आली तर काळजी नको, ती मिनिटभरात जाते. चालू करताना एकदाच निळसर धुराचा झोत आला आणि थांबला, तर व्हॉल्व्ह सील गेलंय. ते काम आटोपशीर आहे. पण रेस केल्यावर निळा धूर येतच राहिला, तर पिस्टन रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली बाजू) घासलाय, म्हणजे हाफ इंजिनचं, अर्धं इंजिन खोलायचं काम. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय; एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर बघितलं की बहुतेक वेळा भागतं.

आवाज ऐका. वरून बारीक टिकटिक येते ती टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची), सेटिंग केली की जाते. डाव्या बाजूने साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन सैल झालीय. खालून जड ठोके येत असतील तर क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य दांड्याचं काम निघतं. किंमत कितीही उतरवली तरी त्या गाडीच्या नादी लागू नका.

इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा आणि डिपस्टिक (ऑईल मोजायची कांडी) काढून पुसा. मग आटे न फिरवता नुसती टेकवून बाहेर काढा. फिरवून बघितली तर ऑईल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि अनेक मेकॅनिकही इथे चुकतात. ऑईल काळं असणं हा दोष नाही. दुधाळ, कॉफीसारखं असेल तर आत पाणी गेलंय. बोटांवर चोळून उजेडात धरा. चमचम दिसली तर आत धातू झिजतोय.

चेन झाकलेली असते म्हणून ती कोणी बघत नाही. कव्हरवरचं रबरी बूच काढा, बोटाने चेन खालीवर करा. इंचभर हलणं ठीक. मग मागचं चाक हळूहळू फिरवत तीन-चार जागी तेच करा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असेल तर चेन असमान ताणलीय. मागच्या ॲक्सलपाशी स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर) चेन ताणायच्या ॲडजस्टरच्या खुणा असतात. ॲडजस्टर शेवटच्या खुणेशी पोचला असेल तर ती चेन आणखी ताणून घ्यायला जागाच उरलेली नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (दातेरी चक्रं) एकत्रच बदलायची. नुसती चेन बदलली तर जुने दात नवी चेन लवकर खातात.

पुढचं चाक उचलून धरा आणि हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग गेलंय. फोर्क (पुढच्या चाकाचे दोन दांडे) खालून धरून पुढे-मागे हलवा. खटखट झाली तरी तेच. मागचं चाक आडवं हलवून बघा, तिथली खटखट स्विंगआर्मच्या बुशची. हँडल पूर्ण वळवल्यावर ते फ्रेमवर जिथे टेकतं, तो लोखंडी स्टॉपर अवश्य बघा. चेपलेला किंवा वेल्डिंग केलेला असेल तर गाडी समोरून जोरात आपटलेली आहे. रंग नवा देता येतो, पण स्टॉपरकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

चालवताना चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला एकदम ॲक्सिलरेटर पिळा. इंजिन ओरडलं पण गाडीने वेग धरला नाही, तर क्लच प्लेट संपल्यात. 38 हजारांचा आकडा खरा वाटतो का, हे फुटरेस्टच्या रबरावरून आणि ब्रेक पेडलवरून जोखा. रबर गुळगुळीत आणि मीटर कमी, हे जुळत नाही.

आणि 45 हजारांतले पाच-सहा हजार हातात ठेवूनच सौदा करा. टायर, चेनसेट, बॅटरी यांतलं काहीतरी निघतंच.

प्रश्न : माझी उंची 4 फूट 11 इंच. आतापर्यंत स्कूटर चालवली, आता गिअरची गाडी शिकायची आहे. जुनी कोणती घेऊ? (डोंबिवली)

उत्तर : आधी लायसन्सवर काय लिहिलंय ते बघा. ‘विदाऊट गिअर’ असेल तर गिअरच्या गाडीला ते चालत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडतो. लर्निंग लायसन्स काढा. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर टेस्ट देता येते.

स्प्लेंडर प्लसच्या सीटची उंची 785 मिलिमीटर, शाईन 125 ची 791, प्लॅटिना 100 ची 807. कागदावर फरक बोटभर, पण तुमच्या उंचीला बोटभरसुद्धा खूप. तरी आकड्यावर जाऊ नका. सीट पुढे किती रुंद आहे यावरही पाय टेकणं ठरतं. बसून बघा : दोन्ही पायांचे चवडे टेकले तर पुरे. टाच टेकलीच पाहिजे असं नाही. कमी पडत असेल तर सीटवाल्याकडून फोम अर्धा-पाऊण इंच कापून घ्या. मागचे शॉकअप बदलून गाडी खाली बसवू नका, कारण त्याने साईड स्टँड लांब पडतो आणि गाडी उभी केल्यावर पलीकडे कलंडते.

प्रश्न : बाजारभावापेक्षा आठ-दहा हजारांनी स्वस्त अशी 2017 ची गाडी मिळतेय. पुरात गेली होती का, हे कसं ओळखावं? (मिरज)

उत्तर : शंका रास्त आहे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 या दोन्ही पुरांत कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. धुऊन-पुसून त्या चकचकीत करता येतात, पण गाळ कोपऱ्यांत राहतोच. सीट काढा, बॅटरीच्या खणाचे कोपरे बघा, एअर फिल्टरचा डबा उघडा. वायरिंगचा एखादा कप्लर (दोन वायरी जोडणारा प्लास्टिकचा सांधा) सोडवा : आतल्या पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर असेल तर तो पाण्याचा. हेडलाईटच्या आत तळाशी पिवळट रेघ आणि मीटरच्या काचेआड बाष्प, हीसुद्धा त्याच गोष्टीची खूण. दोन्ही चाकं उचलून फिरवा; बेअरिंग गरगरत असतील तर आत गंज आहे.

अशा गाडीचं इंजिन नीट केलं तर चालतं. वायरिंग मात्र छळतं. आज हॉर्न, उद्या सेल्फ, परवा पावसात गाडी बंद. पहिली गाडी म्हणून ती नको.

प्रश्न : गोव्यातली बाईक स्वस्त मिळतेय. कागद काय बघावेत? विकणारा म्हणतो, सह्या केलेले टीटी (नाव बदलायचे) फॉर्म देतो, नावावर सवडीने करा. (सावंतवाडी)

उत्तर : सवडीने करायचं काम नाही. कायद्याने घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलायचा अर्ज करायचा असतो. विकणाऱ्याच्याही ते हिताचं आहे : 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात सांगितलं की गाडी कितीही हात फिरली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. हे त्याला सांगा, तोच घाई करेल.

एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून नाव, विमा, फिटनेसची मुदत आणि कर्जाची नोंद बघा. कर्ज दिसत असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म 35 हवा. गाडीवरचा चॅसी नंबर (बहुतेक गाड्यांना हँडलच्या खाली फ्रेमवर कोरलेला असतो) आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. घासलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तर विषय संपला. ई-चलनं थकलेली असतील तर ती त्याच्याकडून भरून घ्या. फॉर्म 29 आणि 30 वर खऱ्या मालकाची सही हवी, एजंटची नाही. मालक वारला असेल तर वारसाने आधी फॉर्म 31 भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची. ओटीपी मालकाच्या नोंदलेल्या मोबाइलवर जातो, म्हणून तो नंबर चालू आहे का तेही आत्ताच विचारा.

गोव्याच्या गाडीला या सगळ्यावर आणखी दोन गोष्टी लागतात : तिथल्या आरटीओचं एनओसी, म्हणजे फॉर्म 28, आणि आपल्याकडचा रोड टॅक्स. जीए नंबरवर बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ महाराष्ट्रात गाडी ठेवता येत नाही. टॅक्स धरून हिशेब केला की गोव्याची स्वस्ताई बरीचशी विरते.

आणि हे नक्की विचारा, गाडी भाड्याने फिरलेली आहे का? काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे रेंटची. पाटी बदललेली असू शकते, म्हणून आरसीवरचा वाहनाचा वर्ग वाचा. ती खासगीत बदलून घेतलेली नसेल तर व्यवहार करू नका. बदललेली असली तरी लक्षात घ्या, अशा गाडीवर रोज नवा माणूस बसलेला असतो, आणि क्लच शिकलेलेही तिच्यावरच.

विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येतो, पण नाव बदललेलं नसेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही.

प्रश्न : जुनी स्प्लेंडर घेतली. गाडी बरी आहे. आधी काय बदलू? (लातूर)

उत्तर : ऑईल, जवळपास 900 मिली, 10डब्ल्यू-30 ग्रेडचं. आधीच्या मालकाने ‘परवाच बदललं’ म्हटलं तरी बदला. एअर फिल्टर आणि प्लग. जुना प्लग फेकू नका, टोक बघा : विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, काजळी असेल तर कार्ब्युरेटर ट्युनिंग, तेलकट ओला असेल तर रिंगांकडे लक्ष ठेवा. पेट्रोलचा रबरी पाईप चिमटून बघा, कडक होऊन भेगाळला असेल तर बदला. शंभर रुपयांच्या आतलं काम आहे आणि गळती थेट इंजिनावर होते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर घसरतं. दोन्हींचे पैसे आत्ता नसतील तर आधी पुढचा टायर बदला.