‘तुमच्याबद्दल सांगा’ म्हटल्यावर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न : मी वडोदऱ्यात एम. एस. युनिव्हर्सिटीत बी. ई. इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही दांडिया बाजारात राहतो. घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची. ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या कंपनीच्या टेस्टिंग विभागात काम करायचं माझं स्वप्न आहे आणि तशाच एका कंपनीची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. याआधीच्या मुलाखतींत ‘तुमच्याबद्दल सांगा’ म्हटल्यावर मी पाठ केलेलं बोलले, मधेच अडले आणि पुढचं सगळंच बिघडलं. माझी लिहिलेली ओळख सोबत पाठवते आहे. सरासरी ६.९ आहे, एक एटीकेटी होती, ती सुटली. प्रोजेक्ट चौघांत केला, ट्रान्सफॉर्मरच्या तापमानावर लक्ष ठेवणारं यंत्र. सेन्सर माझ्याकडे होता. त्याचं रीडिंग थर्मामीटरशी जुळवण्यात खूप दिवस गेले. मोठ्या कंपनीत इंटर्नशिप मिळाली नाही. सुट्टीत बाबांच्या मकरपुऱ्यातल्या मोटर रिवाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये जाते, नोंदी लिहिते, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावते, पण ते काही सांगण्यासारखं नाही. एका मिनिटात छाप पडेल अशी ओळख कशी तयार करू?

उत्तर : तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू ‘सांगण्यासारखं नाही’ म्हणून बाजूला टाकलं आहेस. त्याकडे येतेच, पण आधी तू पाठवलेली ओळख पाहू.

तिच्यात नाव आणि गाव आहे. मग ‘मध्यमवर्गीय कुटुंब’, वडील व्यावसायिक, आई गृहिणी, भाऊ बारावीत. मग दहावीपासूनचे टक्के, वाचन आणि गरबा हे छंद, मेहनती आणि प्रामाणिक हे गुण, आणि लोकांवर पटकन विश्वास ठेवते हा दोष. यात खोटं काहीच नाही. पण नाव बदललं तर हीच ओळख तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलामुलींना चालेल. समोरच्या माणसानं त्या दिवशी सकाळपासून हेच ऐकलेलं असतं. तू खोलीबाहेर पडलीस की त्याच्या लक्षात काय राहील, असा विचार करून ती ओळख पुन्हा वाच. मला तरी काही सापडलं नाही, आणि तू काम केलेली मुलगी आहेस म्हणून मला त्याचं वाईट वाटलं.

हा प्रश्न विचारतात तेव्हा टेबलावर तुझा बायोडेटा असतोच. टक्के त्यात आहेत, पत्ता त्यात आहे. बऱ्याचदा तू बोलत असतानाच ते लोक तो कागद पहिल्यांदा नीट बघत असतात आणि पुढे काय विचारायचं याचा धागा शोधत असतात. म्हणजे तो धागा हातात देण्याची संधी त्या मिनिटात तुला मिळते. तू छंद सांगितलास तर ते छंदाबद्दल विचारतील, आणि वाचनावर दोन प्रश्न आले की तू गडबडशील. तू केलेलं काम सांगितलंस तर ते कामाबद्दल विचारतील. तिथे तुला पाठांतराची गरज पडणार नाही, कारण ते तुझ्या डोळ्यांसमोर घडलेलं असतं. ओळखीत काय घ्यायचं आणि काय वगळायचं, हे याच एका कसोटीवर ठरव : यावर पुढचे तीन प्रश्न आले तर मला आवडेल का?

आता वर्कशॉप. जळलेली मोटर आली की तुझे बाबा ती उघडून काय बघतात, हे तू सुट्ट्यांमध्ये पाहिलं असशील. तीन फेजची वाइंडिंग स्टार किंवा डेल्टा अशा दोन रीतींनी जोडतात. स्टारमध्ये जोडलेल्या मोटरीत दोन फेजच्या कॉइल काळ्याठिक्कर आणि तिसऱ्या फेजची धड असेल, तर एक फेज गेलेली असताना मोटर चालत राहिली. डेल्टा असेल तर एकाच फेजचं वाइंडिंग जळलेलं दिसतं. तिन्ही फेज सारख्याच करपल्या असतील तर ओव्हरलोडचा संशय घ्यायचा. मग जुन्या वाइंडिंगचे टर्न मोजायचे, तारेचं गेज घ्यायचं, स्लॉटमध्ये कागद घालून नवं वाइंडिंग भरायचं, वार्निश देऊन भट्टीत सुकवायचं, आणि गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी मेगरनं इन्सुलेशन तपासून वहीत आकडा लिहायचा. तो आकडा तू लिहितेस! बिघाडाचं कारण शोधणं, मोजणं, नोंद करणं आणि ‘हे अजून देण्यासारखं झालेलं नाही’ असं सांगणं, टेस्टिंग विभागाचं काम याहून वेगळं काय आहे? आकार मोठा, व्होल्टेज मोठं, जबाबदारी मोठी, पण वळण तेच. इंटर्नशिपला जाऊन प्रमाणपत्र घेऊन आलेल्या अनेकांनी जळालेलं वाइंडिंग हातात धरलेलं नसतं.

तू हे का लपवतेस याचा मला अंदाज आहे. ‘वडील व्यावसायिक’ हे भारदस्त वाटतं आणि पत्र्याच्या शेडमधलं रिवाइंडिंग साधं वाटतं. पण तू ज्या कलाभवनात, म्हणजे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग विभागात शिकतेस, ते सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलं तेच मुळी रंगकाम, विणकाम, यंत्रकाम असे हाताचे उद्योग शिकवण्यासाठी. विद्यापीठ त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९४९ मध्ये आलं. या शहरात हातानं केलेलं काम सांगताना मान खाली घालायचं काहीच कारण नाही.

तुझ्या पत्रात आहे तेवढ्यावरून मी एक मसुदा केला आहे :

‘मी वडोदऱ्याची. एम. एस. युनिव्हर्सिटीत इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मकरपुऱ्यात माझ्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे आणि सुट्टीत मी तिथे काम करते. मोटर कशामुळे जळली हे वाइंडिंग बघून कसं ओळखायचं, ते मी तिथे शिकले. दुरुस्त झालेल्या मोटरी मेगरनं तपासून त्यांच्या नोंदी मी ठेवते. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही चौघांनी ट्रान्सफॉर्मरच्या तापमानावर लक्ष ठेवणारं यंत्र तयार केलं. सेन्सरची जबाबदारी माझी होती. त्याचं रीडिंग थर्मामीटरशी जुळत नव्हतं. वेगवेगळ्या तापमानांना दोन्हींची रीडिंग घेऊन मी तो फरक काढला. मला मोजायचं काम आवडतं आणि आकडा पटला नाही तर कारण सापडेपर्यंत मी सोडत नाही. तुमच्याकडे प्रत्येक ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगमधून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही, म्हणून मला सुरुवात त्याच विभागात करायची आहे.’

यातलं एखादं वाक्य प्रत्यक्षात तसं घडलं नसेल तर ते बेधडक काढ. सेन्सरचा फरक तू दुसऱ्याच रीतीनं काढला असशील तर ती रीत सांग. टेस्टिंगवाली माणसं आकड्यांवर शंका घेण्यातच मुरलेली असतात. फुगवलेलं वाक्य त्यांना लगेच कळतं, आणि ज्या कामात सहीला किंमत आहे तिथे ती पहिली शंका महागात पडते. ‘मेहनती’ आणि ‘प्रामाणिक’ हे शब्द मी घेतलेले नाहीत, ते याचमुळे. जे ऐकून त्यांना तसं वाटेल ते सांगितलं की पुरे. आणि प्रोजेक्टबद्दल बोलताना ‘आम्ही’ कुठे संपतं आणि ‘मी’ कुठे सुरू होतं हे स्पष्ट ठेव. चौघांच्या प्रोजेक्टमध्ये समोरचा माणूस नेमकं तेच शोधत असतो.

ही ओळख दिल्यावर प्रश्न येतील आणि ते तांत्रिक असतील. त्यांची तयारी हा ओळखीचाच भाग समज. मेगरचा उल्लेख केलास तर पोलरायझेशन इंडेक्स विचारतील : दहाव्या मिनिटाचं रीडिंग भागिले पहिल्या मिनिटाचं, आणि ते बघून ओलाव्याबद्दल काय कळतं ते. ट्रान्सफॉर्मरकडे वळले तर ओपन सर्किट टेस्ट लो व्होल्टेज बाजूनं आणि शॉर्ट सर्किट टेस्ट हाय व्होल्टेज बाजूनं का घेतात, वाइंडिंगचा रोध मोजताना तापमान का लिहून ठेवतात, लोड लॉस ७५ अंश सेल्सिअसवर आणून का सांगतात. हे सगळं तुझ्या अभ्यासक्रमात आहे, फक्त तोंडानं सांगायची सवय नाही. आयएस २०२६ या ट्रान्सफॉर्मरसाठीच्या भारतीय मानकात रूटीन, टाइप आणि स्पेशल अशा चाचण्या सांगितल्या आहेत. त्यातल्या कोणत्या प्रत्येक नगावर होतात आणि तापमानवाढीची किंवा इम्पल्सची (वीज पडल्यासारख्या क्षणिक जास्त व्होल्टेजची) चाचणी कोणत्या गटात येते, एवढं तरी नीट वाचून जा.

आणखी एक कर. तुमच्या भागात रस्त्यावर जो ट्रान्सफॉर्मर आहे, त्याची पाटी कुंपणाबाहेर उभं राहून वाच. केव्हीए (क्षमता) किती, ११ केव्ही आणि ४३३ व्होल्ट कुठे लिहिलंय, व्हेक्टर ग्रुप (दोन्ही बाजूंची वाइंडिंग कशी जोडली आहेत याची खूण) डीवायएन११ आहे का, इम्पीडन्स किती टक्के. त्यातल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ सांगता येतोय का बघ. मग मुलाखतीच्या कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन ते किती केव्हीपर्यंतचे ट्रान्सफॉर्मर बनवतात ते पाहा. ओळखीचं शेवटचं वाक्य त्यावरून बदलता येईल. ‘तुमच्याकडेच का’ याचं उत्तर ‘आपली कंपनी नामांकित आहे’ असं देण्यापेक्षा त्यांच्या मालाबद्दल एक नेमकी गोष्ट बोललेली केव्हाही बरी. मकरपुऱ्यातच ‘एर्डा’ ही विद्युत उपकरणांच्या चाचण्या करणारी संस्था १९७४ पासून आहे, हेही लक्षात ठेव. या एका कंपनीत जमलं नाही तरी तुझ्या आवडीच्या कामाचं क्षेत्र तुझ्या गावातच आहे.

पाठांतराबद्दल. तू अडलीस कारण तू वाक्यं पाठ केली होतीस. त्यात एक शब्द निसटला की पुढची सगळी ओळ निसटते. वाक्यांऐवजी मुक्काम लक्षात ठेव : कॉलेज, वर्कशॉप, सेन्सर, तुमचा विभाग. दर वेळी शब्द वेगळे आले तरी चालतील. आधी मराठीत किंवा गुजरातीत बोल, जी भाषा तुला विचार करताना येते तिच्यात, आणि फोनवर रेकॉर्ड कर. मग तेच इंग्रजीत छोट्या वाक्यांत सांग. एका मिनिटात सावकाश बोलून साधारण १२० ते १३० शब्द होतात. त्याहून जास्त भरायला गेलीस तर घाई होईल, आणि घाईत आपलं इंग्रजी आहे त्यापेक्षा कच्चं वाटतं. समोरचे मधेच गुजरातीत किंवा हिंदीत बोलू लागले तर बिचकू नकोस, त्यांच्या भाषेत उत्तर दे. बोलून झालं की दोघांना ऐकव. एक, बाबांना, ते तपशिलातली चूक काढतील. दुसरं, घरात ज्यांचा या विषयाशी संबंध नाही अशा कुणाला, आईला किंवा आजीला. तू काय काम करतेस हे त्यांना कळलं तर एचआरच्या माणसालाही कळेल.

मधेच कुणी थांबवून प्रश्न विचारला तर तिथेच थांब आणि उत्तर दे. उरलेलं सांगायचा हट्ट धरू नकोस. त्यांना धागा सापडला याचा आनंद मान.

सरासरी आणि एटीकेटी ओळखीत आणू नकोस, ते कागदावर आहे. विचारलं तर कोणत्या विषयात, कशामुळे आणि कधी सुटली हे दोन वाक्यांत सांगून गप्प राहा. सफाई देत बसलीस की ती गोष्ट उगाच मोठी होते. फोनवर एचआरनं विचारलं तर हीच ओळख अर्धी कर, वर्कशॉप आणि शेवटचं वाक्य ठेवून.

राहिली एक गोष्ट, जी तू विचारली नाहीस पण टेस्टिंगच्या मुलाखतीत निघू शकते. तापमानवाढीची चाचणी कित्येक तास चालते, त्यामुळे काम रात्रीपर्यंत लांबू शकतं. ‘घरचे पाठवतील का’ असा प्रश्न मुलींना अजूनही विचारतात. तो मुलांना विचारत नाहीत हे मला खटकतं, तरी तुझं उत्तर तयार असलेलं बरं. मुलाखतीच्या खुर्चीत बसून पहिल्यांदा विचार करायची ही गोष्ट नाही. याच आठवड्यात आईबाबांशी मोकळेपणी बोलून घे : कंपनीची गाडी असेल तर किती वाजेपर्यंत, आणि वडोदऱ्याबाहेरच्या कारखान्यात नेमणूक मिळाली तर काय. जे ठरेल ते खरं ठरलेलं असू दे, म्हणजे विचारल्यावर तुला एका वाक्यात सांगता येईल. ओळखीचा नवा मसुदा झाला की मला पाठव. लिहून नको, आवाज रेकॉर्ड करून पाठव.