क्युबाचा महिला व्हॉलीबॉल संघ एकेकाळी सगळं जिंकायचा, मग आता ऑलिंपिकमध्ये दिसत का नाही?

'सगळं जिंकायचा' यात अतिशयोक्ती फारशी नाही. 1992 बार्सिलोना, 1996 अटलांटा, 2000 सिडनी अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं. महिला व्हॉलीबॉलमध्ये ही हॅटट्रिक अजून दुसऱ्या कोणाला साधलेली नाही. शिवाय 1994 आणि 1998 चं जागतिक अजिंक्यपद, आणि 1989 ते 1999 या काळात झालेले चारही वर्ल्ड कप (व्हॉलीबॉलमध्ये ही वेगळी स्पर्धा आहे). देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम 1 कोटी 10 लाख.

माझं मत विचाराल तर ज्या व्यवस्थेने हा संघ घडवला, तिनेच तो संपवला.

सुरुवात बरीच आधीची आहे. 1978 साली लेनिनग्राडमध्ये क्युबाने जपानला हरवून जागतिक अजिंक्यपद मिळवलं. तोवर महिलांमध्ये हा मान सोव्हिएत संघ आणि जपान यांच्याबाहेर गेलाच नव्हता. प्रशिक्षक एउहेनिओ जॉर्ज. पुढे आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यांना विसाव्या शतकातले महिला संघांचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं. त्यानंतर 1984 आणि 1988 च्या ऑलिंपिकवर क्युबाने बहिष्कार टाकला. खेळाडूंच्या ऐन उमेदीची वर्षं राजकारणात गेली.

त्या पिढीतली मिरेया लुईस मात्र टिकली. उंची 1.75 मीटर, म्हणजे स्मॅशरसाठी कमीच. पण उडी मारली की हात 3.39 मीटरपर्यंत पोचायचा. महिलांचं नेट 2.24 मीटरवर असतं आणि बास्केटबॉलची रिंग 3.05 वर, म्हणजे ही बाई रिंगच्याही फूटभर वर चेंडू मारत होती! ब्लॉकवाल्या मुली खाली यायला लागलेल्या असायच्या आणि ही अजून हवेतच.

मी कॉलेजच्या संघात लिफ्टर (स्मॅश मारणाऱ्यांना बॉल उचलून देणारा) होतो, त्यामुळे माझं लक्ष जास्त त्यांच्या लिफ्टरांकडे जायचं. बहुतेक संघ एकच लिफ्टर खेळवतात. खेळाडू तिघी पुढे, तिघी मागे अशा जागा बदलत फिरतात; लिफ्टर पुढच्या रांगेत आली की नेटवर मारणाऱ्या दोघीच उरतात. क्युबा दोन लिफ्टर खेळवायचं. मागच्या रांगेतली बॉल उचलून द्यायची, पुढे असलेली स्वतः स्मॅश मारायची, त्यामुळे पुढे कायम तिघी मारणाऱ्या. हे बोलायला सोपं आहे. दोन लिफ्टरांच्या हातातून येणाऱ्या बॉलची उंची आणि वेग जुळायला त्याच मुलींनी वर्षानुवर्षं एकत्र सराव करावा लागतो. क्युबाला ते परवडत होतं, कारण खेळाडू सहसा परदेशी क्लबांत जायच्या नाहीत, वर्षाचा बराच काळ हवानातल्या राष्ट्रीय शिबिरातच असायच्या. सोव्हिएत मदत बंद पडून देशात अन्न आणि विजेची टंचाई होती, त्याच काळात ही सुवर्णपदकं आली.

ब्राझीलशी वैर तर विचारूच नका. अटलांटात गटात ब्राझीलने यांना सरळ सेटमध्ये हरवलं होतं. उपांत्य सामन्यात पुन्हा गाठ पडली. क्युबाच्या मुलींनी नेटपलीकडून शिव्याशाप देत त्यांचं डोकं फिरवलं, पाच सेटमध्ये सामना काढला आणि नंतर दोन्ही संघांत अक्षरशः हाणामारी झाली. मला हा प्रकार आवडत नाही, पण ठरवून केलेला होता आणि लागू पडला. अंतिम सामन्यात चीन हरला.

एकच सामना बघायचा असेल तर सिडनीचा अंतिम सामना बघा. रशियाने पहिले दोन सेट घेतले, दुसरा तर 34-32 असा. इतका लांबलेला सेट हातातून गेल्यावर संघ सहसा ढेपाळतो. यांनी पुढचे तीन सेट 25-19, 25-18, 15-7 असे घेतले. यातली रेग्ला तोरेस बार्सिलोनात 17 वर्षांची होती. सिडनीत तिचं तिसरं सुवर्ण झालं आणि शतकातली सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून तिचीच निवड झाली.

मग गळती लागली. इटलीसारख्या देशांत व्यावसायिक लीगमध्ये भरपूर पैसा, आणि इकडे परवानगीशिवाय बाहेर खेळायला गेलात की राष्ट्रीय संघाची दारं बंद. अटलांटा आणि सिडनी दोन्हीकडे सुवर्ण मिळवलेली तैस्मारी अग्वेरो 2001 मध्ये युरोप दौऱ्यात संघ सोडून गेली आणि 2007 मध्ये इटलीकडून युरोपची विजेती ठरली. अशा बऱ्याच गेल्या. वर्षानुवर्षांच्या एकत्र सरावावर उभी असलेली दोन लिफ्टरांची घडी विस्कटायला वेळ लागला नाही. 2004 ला अथेन्समध्ये कांस्य, 2008 ला बीजिंगमध्ये चौथा क्रमांक, आणि त्यानंतर आजवर एकाही ऑलिंपिकसाठी पात्रता नाही. परदेशी करारांना सरकारने नंतर मोकळीक दिली, पण तोवर उशीर झाला होता.

खेळाडू घडणं मात्र थांबलेलं नाही. 2023 मध्ये तुर्कस्तानने नेशन्स लीग आणि युरोपियन अजिंक्यपद दोन्ही जिंकलं, आणि दोन्हीकडे सर्वोत्तम खेळाडू ठरलेली मेलिसा वार्गास क्युबात जन्मलेली आहे.